ज्यांना शपथ घातली नाही

ती घटना विसरावी म्हणून निवृत्तीनंतर मी बरेच उपाय केले. रोज सकाळी बसने तिरुवैयारूला जाऊन नदीकाठी बसलो, नातीला शाळेत सोडायचे काम मागून घेतले, देवदर्शनेही झाली. पण डिसेंबर-जानेवारीतला मार्गळी महिना लागला आणि पहाटे देवळांच्या लाऊडस्पीकरवर भजने सुरू झाली की माझी झोप उडते ती उडतेच.

मी तंजावूरच्या मराठी घरात जन्मलो आणि इथेच पोलीस खात्यात इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालो. घरी आम्ही आमची जुनी तंजावरी मराठी बोलतो. देवनागरी वाचणारा आमच्या घरात आता मी एकटाच उरलो आहे. तरी हे मराठीत लिहितो, कारण ज्यांच्याबद्दल लिहितो ते गृहस्थ आमच्यातलेच होते. त्यांच्याविषयीची चुकीची हकिकत लग्नकार्यांच्या निमित्ताने आमच्या नातेवाइकांमार्फत पुणे-बडोद्यापर्यंत गेली, असे मला कळले. ती जिथवर गेली तिथवर हेही जावे. नावे कोणाचीही देत नाही. बोलणी बहुतेक तमिळमध्ये झाली, काही आमच्या बोलीत. वाचणाऱ्यांसाठी ती सरळ मराठीत लिहितो.

माझ्या ठाण्याच्या हद्दीत एक अरुंद गल्ली होती आणि गल्लीच्या टोकाला अम्मनचे, म्हणजे देवीचे, छोटे देऊळ. मार्गळी महिन्यात तिथे पहाटे अंधारातच पूजा होते. एका पहाटे पुजाऱ्याने गाभारा उघडला तर देवीच्या गळ्यात मंगळसूत्र नव्हते. बाकी दागिने जागच्या जागी, समईसुद्धा तशीच. फक्त मंगळसूत्र गेले होते. गाभाऱ्याच्या जाळीचे कुलूप फोडलेले नव्हते.

माझ्या नोकरीत मी दागिन्यांच्या चोऱ्या पुष्कळ पाहिल्या. पण देवीचे मंगळसूत्र जाणे ही गोष्ट वेगळी. सूर्य वर यायच्या आत गल्लीतल्या बायका ठाण्यासमोर उभ्या होत्या. कोणी रडत नव्हती, कोणी ओरडत नव्हती. प्रत्येकीचा हात स्वतःच्या गळ्याशी होता. देवीचेच सौभाग्य गेले तर आपल्या नवऱ्यांचे काय, ही भीती त्या बोलून दाखवत नव्हत्या. दोनच दिवसांत गल्लीतला एक म्हातारा हृदयविकाराने गेला. तो कित्येक वर्षांचा आजारी होता, पण ते कोणी लक्षात घेतले नाही. भीती बोलायला लागली.

फिर्याद नोंदवली, पंचनामा केला, श्वानपथक आले आणि चौकातल्या मोबाइलच्या दुकानापर्यंत जाऊन परतले. मग ठाण्यात एक निनावी फोन आला. बाईचा आवाज होता. "काळा शर्टवाला वाध्यार पहाटे देवळाच्या भिंतीजवळ होता," एवढे बोलून फोन बंद झाला.

वाध्यार म्हणजे शिक्षक. काळा शर्टवाला म्हणजे कोण, हे कोणाला विचारायची गरज नव्हती. ज्यांच्याबद्दल हे लिहितो ते गृहस्थ हेच; ते सरकारी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. देव मानत नसत आणि ते लपवतही नसत. आमच्याकडे नास्तिक मंडळी काळा शर्ट घालतात, तसा ते बारा महिने घालत. चहाच्या टपरीवर पुजाऱ्याशी त्यांचे रोज भांडण चाले आणि भांडण झाल्यावर चहाचे पैसे दोघांपैकी कोणीतरी एकजण देई. पूर्वी लोक त्याला करमणूक समजत. अलीकडे तसे राहिले नव्हते. गल्लीचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला होता, आणि टपरीवर हसून सोडायच्या गोष्टी लोक त्यात जपून ठेवायला लागले होते. फोन आला त्या दुपारी ग्रुपवर वाध्यारांचा फोटो फिरला. खाली फक्त एक प्रश्नचिन्ह होते. संध्याकाळी त्यांच्या खिडकीवर दगड पडला.

त्यांची पत्नी मात्र त्याच अम्मनची भक्त. मी तिला अक्का म्हणतो, कारण ती माझ्या थोरल्या बहिणीची मैत्रीण. रोज सकाळी ती देवळात जाई आणि वाध्यार घरी कॉफी करून ठेवत. तुमचे कसे जमते असे कोणी विचारले तर ते म्हणत, "ती माझ्या वाटचा नमस्कार करते, मी तिच्या वाटचे प्रश्न विचारतो."

आता माझ्याविषयी एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळे तिच्यावरच उभे आहे. त्या वर्षी मी शबरीमलेच्या अय्यप्पाची माळ घातली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हे व्रत घेतलेला माणूस काळी लुंगी नेसतो, दाढी करत नाही, अनवाणी चालतो, आणि लोक त्याला नावाने हाक न मारता 'सामी' म्हणतात. अंगावर गणवेश असला तरी माझ्या पायांत बूट नव्हते. वरिष्ठांनी त्याकडे डोळेझाक केली होती. ठाण्यातला शिपाईही मला सामी म्हणे, आणि कोठडीतला पाकीटमारसुद्धा. त्या गल्लीतल्या पाच-सहा जणांनीही माळ घातली होती. गल्लीतच झावळ्यांचा मांडव घालून त्यांच्यातले ज्येष्ठ, गुरुसामी, संध्याकाळी भजन करत आणि मीही जमेल तेव्हा जाऊन बसे.

चौकातल्या मोबाइलच्या दुकानाला कॅमेरा होता. दुकानदार मुसलमान. त्याच्या वडिलांच्या भाड्याच्या पातेल्यांतून आडी महिन्यात, म्हणजे आषाढात, याच अम्मनची आंबील शिजायची. फुटेज मागितल्यावर हा तरुण माणूस घामाघूम झाला.

"सार, देतो. पण माझ्याकडून मिळालं असं कुठे लिहू नका."

"का रे? तू काय केलंस?"

"काही नाही केलं म्हणूनच, सार. देवळाची भानगड आहे. उद्या कोणी विचारलं, हा मध्ये कशाला पडला, तर मी काय सांगू? अप्पांच्या वेळेला असं कोणी विचारत नव्हतं."

फुटेजमध्ये धुके होते. डोक्यावरून शाल घेतलेला, काळ्या कपड्यांतला एक माणूस देवळाकडे गेला आणि थोड्या वेळाने परतला. चेहरा दिसला नाही. माझ्याबरोबरचा सबइन्स्पेक्टर म्हणाला, "काळा शर्ट, सामी." मी मान डोलावली. दिसलेल्या कपड्यावर आपल्याला हवा तो चेहरा माणूस आपणहून चिकटवतो. साक्षीदारांच्या बाबतीत हे मला ठाऊक होते. स्वतःच्या बाबतीत ठाऊक नव्हते.

वाध्यारांना ठाण्यात आणले. अटक दाखवली नाही, चौकशीसाठी बोलावले एवढेच. नेहमीच्या रीतीप्रमाणे शिपायाने दाराशीच त्यांचा पट्टा, मोबाइल आणि चपला काढून घेतल्या. चपला जाड रबरी, मधुमेहवाल्यांना डॉक्टर देतात तशा होत्या.

"त्या पहाटे कुठे होता?"

"अंथरुणात."

"कोणी पाहिलं?"

"बायको पाचच्या आधी भजनाला जाते. मला फक्त मांजरानं पाहिलं. त्याचा जबाब घ्या, सामी." मग स्वतःच थांबून म्हणाले, "नाही, सामी मी म्हणणार नाही. सार म्हणतो. चालेल ना?"

ठाण्यातले दोघे हसले. मला हसू आले नाही. खरे तर त्या शब्दानेच माझे मन त्यांच्याविरुद्ध गेले, असे आज वाटते. घराची झडती घेतली, काही मिळाले नाही. बाहेर लोक वाढत होते. दुसऱ्या बाजूला वाध्यारांच्या काळ्या शर्टवाल्या मंडळींनीही ठाण्यासमोर बसायची धमकी दिली होती. वरिष्ठांचे फोन सुरू होते. पोंगलच्या आधी गल्ली शांत व्हायला हवी, एवढेच ते सांगत होते. कशी, ते सांगत नव्हते.

आमच्या भागात एक जुनी पद्धत आहे. देवीसमोर कापूर पेटवतात आणि आरोप असलेला माणूस तो तळहाताने विझवून शपथ घेतो. खोटी शपथ घेणाऱ्याचे घर बसते, असा समज. कायद्यात याला किंमत नाही, पण पोलीस मनुष्यस्वभावावर चालतात. मी स्वतः या पद्धतीने तीन-चार चोऱ्या उघडकीला आणल्या होत्या. ज्योत समोर आली की खोटे बोलणाऱ्याचा हात थरथरतो. मला या युक्तीचा अभिमान होता.

दुपारी मी देवळात सगळ्यांना जमवले. पुजारी, झाडणारी बाई, फुलवाली, विश्वस्त, शेजारपाजारचे लोक. एकेकाने कापूर विझवला. फुलवालीचा हात थरथरला. निनावी फोन तिचा होता, हे मी नंतर शोधून काढले. तिनेही धुक्यात फक्त काळा रंग पाहिला होता.

माळ घातलेले लोक बाजूला उभे होते. गुरुसामी म्हणाले, "सामी, माळेतल्या माणसाला शपथ घालायची म्हणजे साक्षात अय्यप्पालाच शपथ घालायची. यांना सोडा." मी लगेच मान्य केले. माझ्याही गळ्यात तीच माळ होती. तो अपमान मला माझाच वाटला असता.

वाध्यारांना ठाण्यापासून देवळापर्यंत गल्लीतून चालवत आणले. निघताना त्यांनी चपला मागितल्या. मी म्हणालो, "देवळातच जायचंय. चपला कशाला?" ते तसेच अनवाणी निघाले.

ते ज्योतीसमोर उभे राहिले.

"हात फिरवा वाध्यार, आणि घरी जा," मी म्हणालो.

"फिरवला तर सोडाल?"

"सोडीन."

"म्हणजे मी चोर नाही हे कापरानं ठरवायचं. मग इतकी वर्षं वर्गात मी मुलांना काय शिकवलं?"

"चोरी केलीत का?"

"नाही. तोंडानं सांगतोय. ते पुरत नसेल तर ही ज्योत काय जास्त सांगणार?"

गर्दीतून कोणीतरी म्हणाले, "घाबरला." तेव्हा अक्का पुढे आली. आमच्या बोलीत, हळू आवाजात ती म्हणाली, "अहो, एकदा. माझ्यासाठी."

त्यांचा हात वर आला. हे मी अगदी जवळून पाहिले. हात ज्योतीपर्यंत गेला, थांबला आणि खाली आला.

"तुझ्यासाठीच करत नाही," ते म्हणाले. "केलं, तर तुलाही माझ्या शब्दापेक्षा कापूर खरा, असं होईल."

कापूर आपोआप विझला. अक्का दोन पावले मागे सरकली. ती पावले मागे घेताना तिच्या चेहऱ्यावर जे आले ते मी ओळखले, कारण तेच माझ्या मनात होते. तिला वाटले, यांनी केले असेल.

परतताना शिपायाने मला खूण केली. देवळाच्या पायरीपासून गल्लीभर वाध्यारांच्या उजव्या पावलाचे ओले लाल ठसे उमटत होते. कुठलातरी खडा तळव्यात, बोटाजवळ, घुसला होता. मधुमेहाने पाय बधिर झालेले, त्यांना ते कळलेही नव्हते. मी चपला परत दिल्या आणि त्यांना घरी पाठवले. कागदावर काहीच आले नाही.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. दूधवाल्याने त्यांच्या दारी थांबणे बंद केले. देवळात दिव्यांच्या रांगेत अक्का बसली की तिच्या दोन्ही बाजूंच्या बायका उठून जात. तिने तरी जाणे सोडले नाही. मला वरून विचारणा होत होती, आरोपी कधी दाखवता. माझ्या हातात पुरावा नव्हता आणि मनात खात्री होती. पोलिसाच्या हातून अन्याय होतो तो याच अवस्थेत.

एका संध्याकाळी पूजेआधी मी ठाण्याच्या नळावर पाय धूत होतो. अनवाणी चालून टाचांना भेगा पडल्या होत्या, त्यांत माती अडकली होती. ती काढता काढता माझा हात थांबला. मी तसाच मोबाइलच्या दुकानात गेलो.

"आता काय, सार?" दुकानदाराचा चेहरा पुन्हा पडला.

"तेच पुन्हा दाखव. चेहरा नको, पाय दाखव."

फुटेजमधला माणूस अनवाणी होता. आधीही मला ते दिसले होते, पण देवळात जाणारा चपला काढतोच, असे मी धरून चाललो होतो. आता पाहिले तर तो चौकाच्या पलीकडून, खडीच्या रस्त्यावरून अनवाणी येत होता आणि अनवाणीच परत गेला. शालीखाली काळी लुंगी होती. वाध्यार पँट घालत. आणि त्या चपलांशिवाय ते अंगणातही उतरत नसत. हे त्यांनी चपला मागितल्या तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवे होते.

मार्गळीत काळे कपडे घालणारे दोन प्रकारचे लोक आमच्या गावात असतात. त्यांतला एकच मला दिसला होता, कारण दुसऱ्यांत मी स्वतः होतो.

मी भजनाच्या मांडवात जाऊन बसलो. ज्यांना सामी म्हणायचे त्यांची चौकशी कशी करायची, हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवत नाहीत. भजन संपल्यावर मी प्रत्येकाला सहज विचारावे तसे विचारले, त्या पहाटे कोण कुठे होते. एकजण सोडून सगळे बोलले. तो वायरमन होता, तिशीतला, शांत माणूस. मार्गळीची रोषणाई त्यानेच केली होती, त्यामुळे देवळाच्या किल्ल्यांचा एक जुडगा, गाभाऱ्याच्या किल्लीसकट, त्याच्याकडे असायचा; किल्ल्यांची चौकशी करताना माळवाल्यांना मी धरलेच नव्हते. लोक पांगल्यावर तो मागे राहिला आणि माझ्या पाया पडला.

"सामी, शरणम. मीच."

त्याच्या बहिणीच्या नवऱ्याला पापनाशमच्या रस्त्यावर अपघात झाला होता. सरकारी इस्पितळात तो यंत्रावर होता आणि बहीण दाराबाहेर गळ्यातले मंगळसूत्र मुठीत धरून बसली होती. आईने सांगितले, अम्मनचे मंगळसूत्र तिच्या मंगळसूत्राला एकदा लावले तर ते तुटणार नाही. पुजाऱ्याने दिले नसते. म्हणून पहाटे घेऊन जायचे आणि पूजेच्या आत परत ठेवायचे, असे त्याने ठरवले. इस्पितळातल्या पहारेकऱ्याने त्याला वेळेआधी वर सोडले नाही. परत आला तोवर गाभारा उघडून आरडाओरडा झाला होता.

"हातात होतं, सामी. पण परत ठेवायला जागा राहिली नव्हती."

"आणि मेहुणा?"

"त्याच दुपारी त्यानं डोळे उघडले."

मी विचारले, "वाध्यारना देवळात उभं केलं तेव्हा तू कुठे होतास?"

"तिथेच. तुमच्या मागे." तो रडत होता. "सांगणार होतो. मला वाटलं, आता मलाही बोलावतील. ज्योतीसमोर मला खोटं बोलता आलं नसतं, सामी. तिथेच सगळं सांगितलं असतं. पण तुम्ही मला बोलावलंच नाही."

माझी युक्ती चुकीची नव्हती. ज्याच्यावर ती चालली असती त्याला मी वगळले होते, आणि ज्याच्यावर ती चालणेच शक्य नव्हते त्याला तिने दोषी ठरवले होते.

यानंतर मी काय करायला हवे होते ते कुठल्याही नव्या शिपायालाही सांगता येईल. जबाब नोंदवायचा, मुद्देमाल जप्त करायचा, आरोपीला कोर्टात हजर करायचे. मी गुरुसामींना बोलावले, त्यांनी विश्वस्तांना बोलावले. माळेतल्या माणसाने चोरी केली हे बाहेर गेले तर काय होईल, यावर सगळे बोलले. वाध्यारांचा विषय कोणी काढला नाही. मीही नाही. शेवटी वायरमनने मंगळसूत्र देवळाच्या हुंडीत, म्हणजे दानपेटीत, टाकले आणि दुसऱ्या दिवशी मी पंचांसमोर हुंडी उघडली. तपास बंद करताना लिहिले की माल देवळातच मिळून आला, पुढील कारवाईची गरज नाही.

मला त्या तरुणाची दया आली, हे खरे आहे. पण ती दया मला माझ्यासारखे कपडे घातलेल्या माणसाचीच आली, हेही खरे आहे.

गल्लीत संध्याकाळपर्यंत चमत्कार झाला. अम्मनने नास्तिकाकडून आपले मंगळसूत्र परत आणवले. त्याच्या पायाला शिक्षाही दिली. कारण तोवर वाध्यारांची जखम चिघळली होती आणि त्यांचे बोट कापावे लागले होते.

काठी टेकत ते ठाण्यात आले. मी त्यांना खुर्ची दिली.

"कोण होता ते तुम्हाला कळलंय," ते म्हणाले. "तुमच्या तोंडावर दिसतंय. मला त्याचं नाव नको. माझं द्या."

"कागदावर तुमचं नाव कुठेच नाही, वाध्यार. तुम्ही आरोपी नव्हताच."

"म्हणून तर निर्दोषही ठरलो नाही. सार, मला कागद नको. जिथे मला उभं केलंत तिथे उभे राहा आणि एवढंच म्हणा की यानं केलं नाही. बायकोला ऐकू जाईल अशा आवाजात."

"बघतो," मी म्हणालो.

नोकरीत हा शब्द मी फार वापरला. वाध्यार उठले, दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "ती मला काही विचारत नाही, सार. विचारलं असतं तर बरं झालं असतं."

मी बघितले नाही. माझी बदली झाली, मग निवृत्ती. दरवर्षी उत्सवात 'स्वतःचे मंगळसूत्र परत आणणारी अम्मन' असा फ्लेक्स लागायला लागला आणि बाहेरगावच्या बायका नवस बोलायला येऊ लागल्या. त्यांत कित्येकींचे भले झालेही असेल. मी माळ पुन्हा कधी घातली नाही. देवावरचा विश्वास माझा गेला नाही. मला त्याची लाज वाटायला लागली, एवढेच.

गेल्या वर्षी वाध्यार वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह इस्पितळाला दिला, विधी झाले नाहीत. मी नंतर अक्काकडे गेलो. तिने कॉफी दिली. मी सगळे सांगितले, शेवटपर्यंत. तिने मध्ये एकदाही अडवले नाही. नंतर तिने माझा रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला.

"अरे, मी रोज अम्मनपुढे उभी राहून यांच्यासाठी क्षमा मागत होते," ती म्हणाली. "जे केलंच नाही त्याची. इतकी वर्षं. ती ऐकत राहिली, आणि हे घरी कॉफी करून माझी वाट बघत राहिले."

मी म्हणालो, "अक्का, मला क्षमा कर."

"ते नंतर. आधी मला सांग, हे तू मला का सांगितलंस? तुझं ओझं हलकं व्हावं म्हणून? मग ते माझ्याकडे आलं. जिथे त्यांना उभं केलंस तिथे जाऊन सांग."

पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी मी गेलो. पुजारी नवे होते, त्यांनी मला ओळखले नाही. आरती संपल्यावर मी देवळासमोर उभा राहिलो आणि मोठ्याने सांगितले की वाध्यारांनी चोरी केली नव्हती, हे मला तेव्हाच ठाऊक होते, आणि मंगळसूत्र हुंडीत कसे आले तेही मला ठाऊक आहे.

लोक थांबले. एकाने विचारले, "मग घेतलं कोणी?"

गर्दीत वायरमनची बहीण उभी होती. शेजारी तिचा नवरा, खांद्यावर लहान मूल घेऊन प्रसादाची वाट बघत. त्याला काही माहीत नव्हते. मी म्हणालो, "नाव सांगणार नाही. कोर्टाने विचारलं तर सांगेन." तेवढ्याने लोक एकमेकांकडे बघू लागले. एका माणसावर ठेवलेला संशय मी उचलला आणि तो गल्लीभर सांडला, हे मला दिसत होते. एक म्हातारी म्हणाली, "याचं वय झालंय, काहीतरी बोलतो." दुसरी म्हणाली, "अम्मनच बोलवून घेतेय." मोबाइलचा दुकानदार चौकात शटर अर्धे ओढून उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिले आणि शटर पूर्ण खाली घेतले.

अक्का मागे भिंतीशी होती. बायकांनी तिला पुढे यायला वाट करून दिली. ती आत गेली नाही. वळून घराकडे निघाली. मी तिच्या मागे चार पावले गेलो.

"नको," ती म्हणाली. "तू इथेच थांब. लोक विचारतील, त्यांना उत्तर दे."

या प्रकरणाने काय शिकवले, असे वाचक विचारतील. देव मानणारा खरा की न मानणारा, याचा निकाल माझ्याने लागत नाही. एवढे सांगू शकतो की शपथ टाळणारा प्रत्येक माणूस काही लपवत नसतो, आणि तपास करणाऱ्याने सर्वांत आधी आपल्यासारख्या दिसणाऱ्यांना प्रश्न विचारावेत. तिथून सुरुवात केली असती तर वाध्यारांना त्या ज्योतीसमोर उभे राहावेच लागले नसते.

त्या संध्याकाळी अक्काचे ऐकून मी परत फिरलो. लोक गेले नव्हते. सर्वांत पुढे एक तरुण बाई होती. त्या वेळी ती शाळेत असेल. तिने शांतपणे विचारले, "अय्या, मग तेव्हा का नाही सांगितलं?"

हा प्रश्न मी ठाण्यातल्या टेबलामागून कितीतरी जणांना विचारला होता. समोरचा खाली बघायला लागला की हा वेळ काढतोय, असे मी समजत असे. मी खाली बघितले. तो वेळ काढणे नसते. उत्तर ठाऊक असते, फक्त ते आपल्याच तोंडून ऐकायचे असते. ती बाई उभी राहिली, आणि मी सांगायला सुरुवात केली.